फिनियस गेज : मुकादमाचे दुसरे आयुष्य

मेंदूच्या अभ्यासाचा इतिहास थोर वैद्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या नावांनी भरलेला आहे. त्याच इतिहासात रेल्वेच्या कामावरील एका मुकादमाचे नावही अजरामर झाले आहे. फिनियस गेज यांचा जन्म १८२३ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. पंचविशीतच ते रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या मजुरांचे मुकादम झाले. कामात तरबेज आणि हाती घेतलेले काम तडीस नेणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास, व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ ते सुरुंगाची दारू ठासत असताना अचानक स्फोट झाला. सुमारे साडेतीन फूट लांबीची आणि ६ किलो वजनाची लोखंडी पहार त्यांच्या डाव्या गालात शिरली, मेंदूचा पुढचा भाग भेदून माथ्यातून बाहेर पडली आणि सुमारे ८० फुटांवर जाऊन पडली. विलक्षण गोष्ट अशी, की काही मिनिटांतच गेज बोलू लागले आणि बैलगाडीत ताठ बसून मुक्कामी गेले. पुढे जखम चिघळली, ग्लानी आली, परंतु डॉ. जॉन हार्लो यांनी अपार चिकाटीने शुश्रूषा केली. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, प्राण मात्र वाचले.

शरीर सावरले, तरी स्वभाव पूर्वीचा राहिला नाही. वाचा, स्मरण आणि हातापायांची शक्ती शाबूत होती. पण मनावरचा लगाम सुटला होता. ते उतावीळ व हट्टी झाले, बेत आखीत आणि क्षणात सोडून देत. कंपनीने त्यांना मुकादमाची जागा पुन्हा दिली नाही. हे बदल हार्लो यांनी १८६८ साली सविस्तर नोंदविले. दहा वर्षांनी लंडनचे डेव्हिड फेरियर यांनी आपल्या व्याख्यानांत या घटनेचा आधार घेतला. कामाची आखणी, आवेगावर ताबा, परिणामांचा विचार आणि प्रसंग पाहून वागणे बदलणे या शक्ती कपाळामागील ललाटखंडावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. म्हणूनच या भागाला इजा झालेला मनुष्य बुद्धिमान असूनही साधा दिनक्रम सांभाळताना अडखळतो, आणि लोक त्याला आळशी किंवा उद्धट ठरवितात.

गेज यांच्याही वाट्याला असाच अन्याय आला. पुढील अनेक पुस्तकांनी त्यांना भटक्या, व्यसनी आणि निकामी म्हणून रंगविले. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यांनी न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे घोड्यांच्या तबेल्यात नोकरी केली. १८५२ साली ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेले आणि तेथे अनेक वर्षे घोडागाडी हाकली. व्हालपरायझो ते सांतियागो हा लांबचा रस्ता, अनेक घोड्यांची गाडी, परकी भाषा आणि उतारूंची जबाबदारी, हे सारे त्यांनी पेलले. ठरलेल्या वेळेच्या या नियमित कामानेच त्यांची हरवलेली घडी बऱ्याच अंशी पुन्हा बसली असावी, असे मत त्यांच्या चरित्राचे अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी मांडले आहे.

१८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यावर ते सॅन फ्रान्सिस्कोला आईजवळ आले. थोडे बरे वाटताच शेतावर कामाला लागले. पण पुढे झटके येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची कवटी आणि ती पहार बोस्टन येथे हार्वर्डच्या वॉरन संग्रहालयात जतन केलेली आहे.

मुलांच्या मेंदूतील हा भाग सर्वांत सावकाश, विशी उलटेपर्यंत परिपक्व होत असतो. वसतिगृहात वाढलेल्यांना घंटेवर उठणे, अंथरूण आवरणे, पाळीचे काम करणे यांचे मोल वेगळे सांगावयास नको. बाहेरून बांधून दिलेली शिस्त हळूहळू आतली होते. मात्र एखाद्या मुलाला ती जमत नसेल, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याची अडचण समजून घ्यावी आणि त्याच्या हाताला पेलेल असे नेमके काम द्यावे. गेज यांना पुन्हा उभे राहण्यास असेच काम कारणी लागले.