विश्लेषण : गुडघा बदलल्यावर कागदावर येणारा ‘झेड ९६.६’ कुठून आला?

गुडघा बदललेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डवर किंवा मेडिक्लेमच्या फॉर्मवर ‘एम १७’, ‘झेड ९६.६’ असे कोड दिसतात. रुग्ण पनवेलजवळच्या कोनचा असो की पॅरिसचा, कोडचा अर्थ एकच. या व्यवस्थेचा पाया घातला झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने.

कोण होते बर्तियों?

जन्म १८५१, पॅरिस. शिक्षणाने डॉक्टर, पण घराणे आकड्यांचे. आईचे वडील आशिल गियार यांनी लोकसंख्याशास्त्राला ‘डेमोग्राफी’ हे नाव दिले. भाऊ अल्फोन्स यांनी शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत काढली. वडील पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती जबाबदारी झाक यांच्याकडे आली.

त्यांनी नेमके काय केले?

तेव्हा एकाच आजाराला देशोदेशी वेगळी नावे होती. त्यामुळे कुठे कशाने किती माणसे मरतात, याची तुलनाच होत नसे. बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली. सर्व शरीराला ग्रासणारे आजार एकीकडे आणि एखाद्या अवयवापुरते आजार दुसरीकडे, हे तिचे सूत्र. १८९३ मध्ये शिकागोत ती मांडली गेली. ४४, ९९ आणि १६१ नोंदींची अशी तिची तीन रूपे होती. १९००, १९०९ आणि १९२० च्या सुधारणाही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाल्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मृत्यूच्या यादीत गुडघा कसा आला?

झिजलेल्या गुडघ्याने सहसा कोणी दगावत नाही. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मृत्यूच्या कारणांसोबत आजार आणि दुखापतीही एकाच यादीत आल्या. तीच आजची ‘आयसीडी’.

रुग्णाने काय पाहावे?

एम १७ : गुडघ्याची झीज, म्हणजे शस्त्रक्रियेचे कारण.
झेड ९६.६ : शरीरात कृत्रिम सांधा आहे, एवढीच माहिती.
टी ८४.० : कृत्रिम सांधा सैल होणे, मोडणे असे बिघाड.
टी ८४.५ : कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग.

बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दाखल झाला आणि फॉर्मवर फक्त झेड ९६.६ लिहिले, तर कागदावर आजारच दिसत नाही. मग उपचार कशासाठी, असा प्रश्न दाव्यात उभा राहू शकतो. शिवाय झेड ९६.६ वरून उजवा की डावा गुडघा, हे कळत नाही. अमेरिकेने त्यासाठी स्वतःच्या आवृत्तीत वेगळे कोड केले आहेत. आपल्याकडे मात्र निदानाच्या ओळीत बाजू शब्दांत लिहिली आहे ना, हे घरी निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.