महालिया जॅक्सन : तबकडीवरचा आवाज

इंदूरला तबकड्यांचे वेड नवे नाही. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली याच शहरात झाला, आणि त्यांच्या नावाने श्री. सुमन चौरसिया यांनी जवळच पिगडंबर येथे ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभारले, हे येथील वाचकांना ठाऊकच आहे. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे वेड मात्र निराळे. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या, साठ-सत्तरच्या दशकांतील सोल व फंक संगीताच्या तबकड्या जमवतात. मला त्यातले काही कळत नसे. एकदा त्यांनी अरेथा फ्रँकलिनची तबकडी लावली आणि मी चमकलो. ती चक्क उपासना होती! लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट मंदिरात १९७२ च्या १३ व १४ जानेवारीला तिचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात ड्रम वाजवणारा बर्नार्ड पर्डी हा तोच, ज्याच्या ठेक्यासाठी आमचे गृहस्थ फंकच्या तबकड्या धुंडाळतात. अरेथा ही पाळकाची मुलगी. बालपणी तिच्या घरी ज्या थोर गायिका येत, त्यांतील एक म्हणजे महालिया जॅक्सन.

महालियाबाईंचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात अत्यंत गरिबीत झाला. वडील गोदीत काम करीत, केस कापीत आणि रविवारी संदेश देत. ती पाचसहा वर्षांची असताना आई वारली व मावशीने तिला वाढविले. मावशीचा धाक मोठा. घरात देवाची गीते तेवढी चालत. परंतु मावशी कामावर गेली की पोर मावसभावाच्या बेसी स्मिथच्या तबकड्या लावून ऐके. हे ब्लूज गाणे, म्हणजे दुःखाचे, पण संसारी गाणे. शेजारी दुसऱ्या एका पंथाचे मंदिर होते. तेथे डफ, झांजा व टाळ्यांच्या गजरात स्तुती चाले. हे दोन्ही आवाज तिच्या कंठात कायमचे राहिले.

शाळा लवकर सुटली. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती शिकागोला आली. धुणी धुतली, हॉटेलात मोलकरीण झाली आणि मंडळीच्या गायनसंघात गाऊ लागली. तिचे टाळ्या वाजवणे व अंग हलवून गाणे काही पाळकांना रुचले नाही. (वाचकहो, आपल्याकडे ना. वा. टिळकांनी प्रभूची स्तुती अभंगात आणून इतकी वर्षे झाली, तरी उपासनेत ढोलकी असावी की नसावी यावर तंटे झालेले मी स्वतः पाहिले आहेत.) थॉमस डॉर्सी हा पूर्वी ब्लूजचा पियानोवादक. १९३२ साली पत्नी व नवजात बाळ दोन्ही गेल्यावर त्याने एक प्रार्थनागीत रचले, ते जगभर गेले. त्याची गीते छापील कागदावर विकली जात आणि ती कशी गायची हे महालिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून दाखवी.

१९३७ साली डेक्का कंपनीने तिची चार गीते मुद्रित केली. ती खपली नाहीत. ब्लूज गा, असा आग्रह झाला. तिने नकार दिला आणि कंपनीने तिला सोडले. पुढे सुमारे नऊ वर्षे एकही तबकडी निघाली नाही. पती आयझॅक हॉकनहल शिकलेले होते. एवढा गळा देवळात वाया जातो असे त्यांना वाटे. घोड्यांच्या शर्यतीत ते पैसा घालवीत. अखेर १९४१ मध्ये घटस्फोट झाला. हा नकार मला फार मोठा वाटतो, कारण घरात चणचण होती. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे. ब्लूजचे बोल तिने नाकारले, पण सूर लांबवण्याची, शब्द वाकवण्याची कला त्याच चोरून ऐकलेल्या तबकड्यांतली होती.

१९४७ साली अपोलो कंपनीसाठी तिने हर्बर्ट ब्रूस्टर या पाळकाचे गीत गायिले. ते इतके लांब होते की तबकडीच्या दोन्ही बाजूंना विभागावे लागले. तिच्या लाखो प्रती खपल्या. १९५० मध्ये ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिली. पैसा व कीर्ती मिळाली, तरी नाइटक्लबात गाणे तिने शेवटपर्यंत टाळले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यात ती मनापासून उतरली. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्यांच्या भाषणाआधी ती गायिली, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या अंत्यविधीत डॉर्सीचे ते प्रार्थनागीत तिनेच म्हटले.

१९७१ साली ती आपल्या देशात आली. मुंबई, दिल्ली, मद्रास व कलकत्ता येथे तिचे कार्यक्रम झाले. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांचीही भेट झाली. तोवर हृदयविकाराने प्रकृती ढासळली होती. २७ जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे अरेथाच्या त्या ध्वनिमुद्रणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, शिकागोजवळ ती प्रभूकडे गेली. शिकागोच्या अंत्यविधीत अरेथा उभी राहिली आणि तिने डॉर्सीचे तेच गीत गायिले.