शिखराची उंची आणि तिची किंमत

२ सप्टेंबर १९०८ रोजी पेरू देशातील हुआस्करान पर्वताच्या उत्तर शिखराजवळ एक सत्तावन्न वर्षांची बाई वाऱ्याशी झगडत दिवा पेटविण्याची खटपट करीत होती. पर्वतावर पाणी कमी तापमानाला उकळते. ते नेमके किती अंशांवर उकळते हे पाहून उंचीचे गणित मांडता येते. वाऱ्याने दिवा पेटू दिला नाही, आणि ॲनी स्मिथ पेक यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पराक्रम मोजदादीविना राहिला.

पेकबाई पेशाने शिक्षिका. त्यांचा जन्म १८५० साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे एका वकिलाच्या घरी झाला. भावांना ज्या ब्राऊन विद्यापीठाचे दार उघडे होते, ते त्यांना स्त्री म्हणून बंद होते. १८७४ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठात गेल्या, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी पदवी मिळवून काय साधणार, अशी वडिलांची प्रथम धारणा होती. ग्रीक भाषेतील पदव्या संपादून त्यांनी पर्ड्यू विद्यापीठात आणि पुढे स्मिथ महाविद्यालयात लॅटिन शिकविले. १८८५ साली युरोपात मॅटरहॉर्नचे दर्शन घडले आणि डोंगरांनी त्यांना जे वेडे केले ते कायमचे. दहा वर्षांनी त्यांनी तो सर केला. वृत्तपत्रांनी मात्र चढाईपेक्षा त्यांच्या विजारीचीच चर्चा अधिक केली.

या प्रसिद्धीचा पेकबाईंनी व्यवहारी उपयोग केला. वडिलार्जित संपत्तीचा आधार नव्हता. तेव्हा व्याख्याने द्यायची, लेख लिहायचे, संपादकांचे उंबरठे झिजवायचे आणि जमलेल्या पैशांतून पुढची मोहीम आखायची, हा त्यांचा क्रम झाला. १८९७ साली त्या मेक्सिकोतील ओरिझाबावर चढल्या, त्यामागेही न्यूयॉर्कच्या एका दैनिकाचे साहाय्य होते. १९०४ व १९०६ मध्ये हुआस्करानवरील त्यांचे प्रयत्न फसले. पैसा अपुरा म्हणून सोबती अननुभवी, आणि सोबती अननुभवी म्हणून अपयश, असे ते दुष्टचक्र होते. १९०८ साली दोन स्विस वाटाडे नेता आले तेव्हाच ते सुटले.

बर्फाच्या उभ्या उतारावर कुऱ्हाडीने पायऱ्या खोदीत तिघे वर पोहोचले. काळोखात उतरताना पेकबाई अनेकदा घसरल्या. दोराने बांधलेल्या सोबत्यांमुळे वाचल्या. रुडॉल्फ टाऊगवाल्डर या वाटाड्याला मात्र हिमदंशाने एका हाताचा बराच भाग, दुसऱ्या हाताचे एक बोट आणि अर्धे पाऊल गमवावे लागले. आपल्या आधी त्याने शिखरावर पाऊल ठेवले याचा राग पेकबाईंनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदविला आहे. ज्याने हात गमावला त्याच्याविषयीची ही तक्रार वाचताना मन खट्टू होते.

पर्वताची उंची २४,००० फुटांपर्यंत भरेल, असा त्यांचा अंदाज होता. तसे असते तर स्त्रियांमधील उंचीचा विक्रम त्यांचा ठरता. तो तोवर फॅनी बुलक वर्कमन या धनाढ्य अमेरिकन महिलेकडे होता. १९०६ साली त्या लडाखमधील नून-कून समूहातील पिनॅकल शिखरावर चढल्या होत्या. वर्कमनबाईंनी स्वखर्चाने फ्रेंच सर्वेक्षक पेरूला धाडले. उत्तर शिखर सुमारे २१,८०० फूट भरले आणि विक्रम त्यांच्याकडेच राहिला. त्यांच्या स्वतःच्या शिखराची उंचीही त्या सांगत त्याहून पाचशेवर फुटांनी कमी असल्याचे पुढे आढळले, हा भाग निराळा.

या मोजणीला सुमारे १३,००० डॉलर लागले. पेकबाईंच्या चढाईला सुमारे ३,०००. आणखी हजारभर डॉलर मिळते तर ही मोजणी आपणच केली असती, असा त्यांचा प्रतिवाद होता. अंदाज चुकला तो चुकलाच. शास्त्रीय मोजणीपुढे तक्रार चालत नाही. परंतु साधनांच्या अभावी ज्याला अंदाजावर विसंबावे लागते, त्याची चूक साधनसंपन्नाने सिद्ध करावी, हा सामना बरोबरीचा म्हणता येत नाही.

पेकबाई थांबल्या नाहीत. १९११ मध्ये पेरूतील कोरोपुनावर चढून त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा फलक फडकविला. १९२८ साली लिमाच्या भूगोल संस्थेने हुआस्करानच्या उत्तर शिखराला त्यांचे नाव दिले. ब्याऐंशीव्या वर्षी त्या न्यू हॅम्पशायरमधील माउंट मॅडिसनवर चढल्या. १९३५ च्या आरंभी त्या जगप्रवासाला निघाल्या. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसची टेकडी चढताना प्रकृती ढासळली आणि त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी १८ जुलै रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.