एका पोस्टमनचा जमाखर्च

आमचे वडील गवंडी आहेत. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी उभ्या केलेल्या भिंती किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी मात्र कॉमर्सचा विद्यार्थी. नावे-जमा आणि ताळेबंद यांतच माझा दिवस जातो. त्यामुळे वाचनालयात एका विचित्र राजवाड्याचे छायाचित्र पाहिले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो खर्चाचा. खाली मजकूर वाचला आणि चकित झालो. हा वाडा बांधणारा कोणी राजा नव्हता, तो खेड्यातला पोस्टमन होता. मित्रहो, त्याचीच ही हकीकत.

फेर्दिनां शेव्हालचा जन्म १८३६ साली फ्रान्सच्या आग्नेय भागातील द्रोम परगण्यात, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळा लवकर सुटली. काही वर्षे त्याने पाव भाजण्याच्या धंद्यात काढली आणि १८६७ साली तो टपालखात्यात लागला. ओतरीव्ह या गावाहून निघायचे, वाड्यावस्त्यांवर पत्रे वाटायची आणि परतायचे. रोजची पायपीट सुमारे ३० किलोमीटर! एवढे चालताना माणसाने करावे काय? शेव्हाल मनात एक राजवाडा बांधत असे. लोक हसतील म्हणून हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. पुढे पुढे तर तो स्वतःही ते विसरत चालला होता.

१८७९ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, तेर्सानच्या वाटेवर त्याला एका दगडाची ठेच लागली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. येथे ज्याला ठेच लागली तोच जागा झाला. दगडाचा आकार इतका चमत्कारिक होता की त्याने तो उचलून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्याला आणखी सुंदर दगड सापडले. निसर्ग जर शिल्प घडवतो, तर आपण गवंडी का होऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले.

गवंडीकामाचा त्याला गंधही नव्हता. आधी खिशातून, मग टोपलीतून आणि शेवटी एकचाकी हातगाडीतून तो दगड आणू लागला. पत्रे वाटताना चांगले दगड हेरून ठेवायचे आणि नोकरी संपल्यावर तीच वाट पुन्हा तुडवून ते घरी आणायचे, असा त्याचा क्रम होता. स्वतःच्या भाजीच्या मळ्यात रात्री दिव्याच्या उजेडात चुना, सिमेंट आणि लोखंडी तारा घेऊन तो काम करी. गावाने त्याला वेडा ठरवले. एकट्या पूर्वेकडच्या बाजूला २० वर्षे लागली.

हा वाडा २६ मीटर लांब आहे. पूर्वेला सीझर, व्हर्सिंजेटोरिक्स आणि आर्किमिडीज असे तीन राक्षसी उंचीचे पुतळे आहेत. पश्चिमेला मशीद, स्वित्झर्लंडचे लाकडी घर, मध्ययुगीन किल्ला आणि त्यांच्याच शेजारी चक्क एक हिंदू मंदिर! शेव्हालने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. सचित्र मासिके आणि तो वाटत असलेली चित्रांची कार्डे हेच त्याचे जग होते. दुसऱ्यांची कार्डे पोचवता पोचवता त्याने सारे जग आपल्या मळ्यात आणून ठेवले.

दुःखे काही थोडी नव्हती. पहिली पत्नी १८७३ सालीच वारली होती. दुसरे लग्न झाल्यावर काम सुरू केले त्याच वर्षी अॅलिस नावाची मुलगी झाली. तीही १८९४ साली, पंधराव्या वर्षी गेली. १८९६ साली तो सेवानिवृत्त झाला, पण काम चालूच राहिले. १९१२ साली वाडा पुरा झाला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता.

या वाड्यातच आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. कायद्याने परवानगी मिळाली नाही. तेव्हा ७८ व्या वर्षी त्याने पुन्हा थापी हातात घेतली आणि ८ वर्षे खपून गावच्या दफनभूमीत स्वतःची समाधी बांधली. १९२४ साली तो वारला आणि तेथेच विसावला. पुढे कवी आंद्रे ब्रतोंने त्याची थोरवी ओळखली, पिकासोने त्याच्यावर चित्रे काढली. काही अधिकाऱ्यांना वाडा कुरूप वाटत असतानाही आंद्रे मालरो यांनी त्याची बाजू उचलून धरली आणि १९६९ साली तो संरक्षित स्मारक झाला. १९८४ साली तर या पोस्टमनचा वाडा फ्रान्सच्या टपाल तिकिटावर आला.

आता हिशेबाकडे वळतो. शेव्हालने भिंतीवर आकडे कोरून ठेवले आहेत: १०,००० दिवस, ९३,००० तास, ३३ वर्षे. मी भागाकार करून पाहिला. दिवसाला नऊ तासांहून जास्त पडतात, आणि पहिली १७ वर्षे तर नोकरी सांभाळून! एखादा ऑडिटर या आकड्यांपुढे लाल खूण करील. पण त्याने फ्रँक न कोरता तास कोरले, याचे मला नवल वाटले. हातगाडीसाठीही त्याने वाड्यात एक खास कोनाडा केला आहे.

ते छायाचित्र मी वडिलांना दाखवले. त्यांनी पुतळे पाहिले नाहीत, मंदिरही पाहिले नाही. रात्री दिवा कोण धरत असेल आणि चुना कोण कालवून देत असेल, एवढेच विचारले. सारे एकट्यानेच, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग हातगाडीच्या कोनाड्याबद्दल त्यांनी पुन्हा एकदा विचारले.

त्यांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचे नाव नाही. नावाची पाटी मालकाची असते, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या मजुरीवर माझी फी भरली गेली आणि त्यांचे दिवस मी एकदाही मोजले नाहीत, हे त्या रात्री मला टोचले. मी वही काढली. त्यांना आठवतील तशी घरे ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. एकतीस घरे झाली तेव्हा ते पेंगू लागले. यादी अजून पुरी झालेली नाही.