राजाबाईचे घड्याळ

नाणेघाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यात पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. सूर्य डोंगर चढून आला, की मगच दिसतो. अशा गावांत वेळ ओळखायची ती उन्हावरून, सावलीवरून. मुंबईत मात्र एका मुलाने आईच्या नावाने घड्याळाचा मनोराच उभारला. ते प्रेमचंद रायचंद.

१८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद मुंबईत शेअर दलाल झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. समुद्र बुजवण्याच्या योजनेचे शेअरही गगनाला भिडले. १८६४ मध्ये प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला नाव मात्र आईचे, राजाबाईचे.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, प्रेमचंदही कोसळले. त्यांच्या शब्दावर शेअर तारण घेऊन कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मी नोकरीभर कर्जाचे कागद तपासले. म्हणून त्यांना नुसते दानशूर म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. बुडालेल्या भागधारकांचे नाव कोणत्या मनोऱ्यावर आहे?

तरीही दान टिकले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. आराखडा होता जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत.

जुन्या श्रीमंत दिवाणखान्यांतले ‘ग्रँडफादर क्लॉक’ म्हणजे अशा घड्याळाचे घरगुती भावंडच. वजन खाली उतरू पाहते, लंबक त्याला आवर घालतो, दात्यांचे चक्र एकेक दात पुढे सरकते, तीच टकटक. लंबक सुमारे एक मीटर असला, की एका झोक्याला एक सेकंद लागतो. म्हणून पेटी माणसाएवढी उंच. ‘ग्रँडफादर’ हे नाव १८७६ च्या एका अमेरिकन गाण्यामुळे रूढ झाले.

राजाबाई अंध होत्या आणि जैन रीतीने सूर्यास्तापूर्वी जेवण्यासाठी टोल ऐकत, अशी आख्यायिका आहे. प्रेमचंद १९०६ पर्यंत जगले. आवर सुटलेले वजन एका क्षणात आदळते. आवरलेले वजन आठवडाभर वेळ दाखवते. बँकेने मला जे शिकवले, ते या घड्याळाच्या पोटात आधीपासूनच होते.