रानरेशमाचे अभ्यासक विल्यम रॉक्सबर्ग

अठराव्या शतकात सुरतेच्या मागांवर किनखाब व मश्रू विणले जात, तेव्हा त्यांसाठी लागणारे कच्चे रेशीम मोठ्या प्रमाणावर बंगालहून येत असे. ते तुतीच्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचे होते. परंतु पूर्व भारतातच टसर आणि एरी ही आणखी दोन रेशमे निपजत होती व ती देणारे पतंग आकाराने कितीतरी मोठे होते. त्यांची सविस्तर शास्त्रीय नोंद विल्यम रॉक्सबर्ग यांनी केली.

१७५१ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रॉक्सबर्ग १७७६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील वैद्यकीय सेवेत रुजू झाले. १७८७ च्या चक्रीवादळात समुद्र किनाऱ्यावर चढला आणि त्यांची टिपणे, ग्रंथ व वनस्पतिसंग्रह वाहून गेला. खचून न जाता त्यांनी नव्याने आरंभ केला. १७९३ मध्ये कलकत्त्याजवळील शिवपूरच्या वनस्पती उद्यानाची धुरा त्यांच्याकडे आली.

१८०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांचा या दोन रेशीमकिड्यांवरील लेख प्रसिद्ध केला. टसरचा सुरवंट बोर आणि ऐन या झाडांवर वाढतो. हा ऐन म्हणजेच गोव्याचा राज्यवृक्ष माटी. डोंगरी लोक रानातील सुरवंट फांद्यांसह आणून घराजवळच्या ऐनांवर सोडत आणि दिवसा कावळ्यांपासून, रात्री वटवाघळांपासून त्यांची राखण करीत, हे रॉक्सबर्ग यांनी नोंदवले. एरीचा सुरवंट एरंडाच्या पानांवर पोसला जातो. त्याच्या कोशाचा धागा उलगडत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो. मात्र त्याचे भरड वस्त्र माणसाच्या आयुष्यभर टिकते, असेही त्यांनी लिहून ठेवले.

१८१३ मध्ये रॉक्सबर्ग यांनी भारत सोडला आणि १८१५ मध्ये एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. भारतीय वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ विल्यम केरी यांनी त्यांच्या पश्चात प्रकाशात आणला. त्यांच्यासाठी सुमारे अडीच हजार वनस्पतिचित्रे रेखाटणाऱ्या भारतीय चित्रकारांची नावे मात्र बहुतांशी लुप्त झाली. सुरवंटांची राखण करणारे ते डोंगरी लोकही अनामच राहिले.

आज एरंडाच्या उत्पादनात गुजरात देशात अग्रेसर आहे आणि गडचिरोली, भंडाऱ्याच्या रानांत टसरचे कोश अजून वेचले जातात. पतंग उडून गेल्यावरही एरीचा कोश कातता येतो. जीवहत्येविना मिळणाऱ्या या रेशमाची पारख करणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉक्सबर्ग स्मरणात राहतील. मात्र त्यांच्या लेखणीमागे रानात जागणाऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते, हेही विसरता येणार नाही.