रेचल कार्सन : तणनाशकांवर आक्षेप

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांतील तण काढण्यासाठी पूर्वी बाया रांगेने निंदणाला उतरत. मजुरांची टंचाई वाढली, तसा पाठीवरचा पंप आला. बांधीतले पाणी मात्र पूर्वीप्रमाणेच उतारावरच्या बोडीत आणि मालगुजारी तलावात जाते, जेथे ढिवर मासेमारी करतात. तणावर फवारलेले विष तणापुरतेच राहते काय, हा प्रश्न ज्या लेखिकेने जगापुढे मांडला, ती रेचल कार्सन.

२७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल येथे तिचा जन्म झाला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ती सरकारी मत्स्य खात्यात रुजू झाली. घरची जबाबदारी तिच्यावरच होती. १९५१ च्या समुद्रविषयक पुस्तकाने तिला कीर्ती आणि पैसा दिला, आणि पुढल्याच वर्षी तिने नोकरी सोडली.

‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले सप्टेंबर १९६२ मध्ये. डीडीटीविरुद्धचे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्यातील तणनाशकांवरचे प्रकरण मात्र फारसे कोणाला आठवत नाही. वायोमिंगमधील एका वनक्षेत्रात गुरांच्या चराईसाठी सेजची झुडपे मारण्याकरिता फवारणी झाली. त्या विषाने ओढ्याकाठचे विलो वृक्षही मेले. विलोवर जगणारे बीव्हर निघून गेले, त्यांनी बांधलेला बांध फुटला, तलाव रिता झाला आणि त्यातले ट्राउट मासे संपले. तलावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागू नये. सर्व रसायने बंद करा, असे मात्र कार्सनचे म्हणणे नव्हते. सरसकट फवारणीऐवजी नेमक्या झुडपावर, जपून केलेला वापर तिला मान्य होता. विरोधकांनी हे सोयीस्करपणे दुर्लक्षिले.

विरोध तिखट होता. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. मोन्सँटोने पुस्तकाचे विडंबन छापले. हीच कंपनी पुढे १९७४ मध्ये ग्लायफोसेट बाजारात आणणार होती. तिच्या अविवाहित असण्यावरूनही टीका झाली. या काळात स्तनाच्या कर्करोगाने तिचे शरीर पोखरले जात होते. पण आजाराचे निमित्त करून पुस्तकाला पक्षपाती ठरवले जाईल, म्हणून तिने तो जगापासून लपवून ठेवला. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने तिचे मुख्य मुद्दे उचलून धरले. जूनमध्ये तिने सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिचे निधन झाले.

अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. तणनाशकांचा वाद मात्र मिटला नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले, तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तो निष्कर्ष मानला नाही. भारतात केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांकडून करण्याचे बंधन घातले. बांधाबांधावर पंप घेऊन फिरणारा शेतमजूर त्या व्यावसायिकांत मोडत नाही.